एकशे बारा हजर

आमच्या कंपनीच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतभर एक तक्ता लावलेला आहे. सगळ्यात वर मालक, त्यांच्याखाली प्लांट मॅनेजर मनिष सर, त्यांच्याखाली पाच विभागांचे पाच सुपरवायझर आणि मग चौकटीखाली चौकट, पार फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत. प्रत्येक चौकटीत नाव, फोटो आणि ज्याला उत्तर द्यायचं त्या माणसाकडे जाणारी रेघ. सगळे त्याला चार्ट म्हणतात. तो चार्ट माझा. नोकरी एचआर असिस्टंटची असली तरी चार वर्षांत मी मनापासून केलेलं काम कुठलं असेल, तर तो चार्ट खरा ठेवण्याचं.

एखादा माणूस सोडून गेला की दुपारच्या आत त्याचा फोटो भिंतीवरून उतरलेला असायचा. नवीन कुणी लागलं की पहिला चहा पिऊन व्हायच्या आत त्याची चौकट तयार. कॅन्टीनमध्ये माझी टिंगल चालायची, की जयश्री मॅडमना जन्ममृत्यूच्या नोंदी दिल्या तर माणूस मरायच्या आधी दाखला तयार असेल. मला ते ऐकून राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. तलासरीपासून वापीपर्यंत इतका खरा चार्ट दुसऱ्या कुठल्या कंपनीत नसेल, असं मी बोलून दाखवायची.

माझी आई कोसबाडला अंगणवाडीत सेविका होती. ती कधी नाव पुकारून हजेरी घ्यायची नाही. पोरं काय, कुणाचंही नाव घेतलं तरी हो म्हणतात, असं तिचं म्हणणं. ती रांगेवरून चालत एकेकाच्या तोंडाकडे बघायची आणि मग वहीत खूण करायची. मला ते फार अडाणी वाटायचं. नावं लिहिलेली असताना तोंडं कशाला बघायची?

आमच्याकडे डहाणूच्या वाड्यांमधून चिकू येतो. तो धुतात, सोलतात, गर काढून गोठवतात आणि तो परदेशी जातो. गोठवायला अमोनिया लागतो, आणि अमोनिया म्हणजे घरात बांधून ठेवलेलं जनावर. बांधलेलं आहे तोवर ठीक. म्हणून माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची एक अट होती. कधी गॅस सुटला तर सात मिनिटांच्या आत आतला माणूस न् माणूस बाहेर येऊन फाटकाजवळच्या करंजाच्या झाडाखाली मोजून झाला पाहिजे, आणि मोजायचा तो चार्टवरून. ज्याची चौकट आहे त्याचं नाव पुकारायचं, त्यानं हात वर करून हजर म्हणायचं, मी हिरव्या पेननं खूण करायची. माझ्यासाठी एक माइक होता आणि त्याचे स्पीकर झाडावर, कॉरिडॉरमध्ये, प्रत्येक खोलीत बसवले होते. सगळ्या चौकटींवर खूण झाली की मी सांगणार, पूर्ण. मी पूर्ण म्हटलं की आत कुणी शोधायला जायचं नाही. उगीच कुणाचा जीव धोक्यात कशाला घालायचा?

आता सुकीबद्दल सांगते. धुलाई विभागात खालून दुसऱ्या ओळीत तिची चौकट. कासाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला तिचा पाडा. सकाळी सहाला जीपने चारोटीला यायचं, तिथून हायवेवरची दुसरी गाडी धरून तलासरी. दोन वर्षांत तिचा एकही खाडा नव्हता. मीच एकदा कौतुकानं तिचं नाव बोर्डावर लावलं होतं, आणि त्याच महिन्यात कळलं की ते कौतुक दोघींचं होतं. सुकी शेतावर असली की तिच्या कार्डावर तिची नणंद यायची, गंगी. भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस गंगीच, भाताच्या कापणीला पुन्हा गंगी. कार्ड एक, टोपी एक, कोट एक, गमबुटांचा जोडही एकच, आणि त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, सुकी. आत सुकी म्हणून हाक मारली की जी आली असेल ती ओ द्यायची. त्यांच्या पाड्यावर नोकरी एका माणसाला लागत नाही, घराला लागते. घरातलं जे मोकळं असेल ते जातं. यात काही लपवण्यासारखं आहे असं दोघींच्याही मनात नव्हतं. मी सुकीला बोलावून झापलं तर ती शांतपणे म्हणाली, "काम कुठं पडलाय मॅडम? एक दिवस पण नाय पडला."

मी मनिष सरांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हेत, पण त्यांना एका वेळी एकच गोष्ट दिसते. म्हणाले, एका चौकटीत एकच नाव असतं. घेणाऱ्यांना एका कार्डावर दोन बायका दिसल्या तर सगळी ऑर्डर जाईल. एकीला काढ, नाहीतर मला काही सांगितलंच नाहीस असं समज.

मी दोन्हीतलं काही केलं नाही. माझ्या टेबलावरच्या चार्टवर सुकीच्या चौकटीखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात गंगी असं लिहिलं, आणि ज्या दिवशी ती येई त्या दिवशी तिथं ठिपका द्यायला लागले. नियमात नव्हतं, पण खरं होतं. दोन महिने तसं चाललं. मग परदेशी कंपनीच्या ऑडिटची तारीख आली आणि मी खोडरबर घेऊन ते नाव पुसलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या छापील तक्त्यात पेन्सिल शोभत नव्हती, एवढंच कारण. आज ते लिहायलाही लाज वाटते.

ऑडिट मंगळवारी होतं, अकरा वाजता ड्रिल, म्हणजे गॅस सुटल्याची रंगीत तालीम. त्याआधीच्या शनिवारी सुकी स्वतः आली होती. तिला मी बाजूला घेऊन बजावलं की अकरा वाजता ड्रिल आहे, फोटोशी तोंड जुळलं पाहिजे, त्यामुळे तूच हवीस. नाव पुकारलं की हात वर करून हजर म्हणायचं, दुसरा एक शब्द बोलायचा नाही. तिनं मान डोलावली. तिला सगळं नीट कळलं होतं, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

मंगळवारी साडेदहा वाजून गेल्यावर फाटकावरच्या वॉचमनचा फोन आला. मनिष सरांच्या केबिनमध्ये वापीहून आलेले ऑडिटर नविन पोह्यांची बशी घेऊन बसले होते आणि मी त्या दिवसाच्या शिफ्टचा चार्ट छापून त्यांच्यासमोर ठेवला होता. एकशे बारा चौकटी, एकशे बारा कार्डं लागलेली. वॉचमन दबक्या आवाजात म्हणाला, मॅडम, सुकी आलीय, पण सुकी आतपण आहे.

मी फाटकाकडे जवळजवळ पळतच गेले. सुकी चपला घालून उभी होती, हातात भाकरीचं फडकं. घरी भाताच्या झोडणीला माणसं आलेली, त्यांचं जेवण करून येते असं तिनं ठरवलं होतं. तोवर काम पडू नये म्हणून सकाळच्या जीपने गंगीला पाठवलं होतं. आणि मी ओरडायच्या आतच ती म्हणाली, "तुम्ही अकराला पाहिजे बोलल्या ना? अजून अकरा पण नाय झालं, मी आली."

हिशेबात तिचं काही चुकलं नव्हतं. पण माझं डोकं फिरलं होतं. ऑडिटर खिडकीतून बघत असतील या धास्तीनं मी तिला करंजाखाली उभं केलं आणि धुलाईच्या सुपरवायझरला, बायजीला, फोन लावला. गंगीला कपडे बदलायच्या खोलीत पाठव, बूट, टोपी, कोट तिथं काढून ठेवू दे आणि मागच्या दारानं बाहेर जाऊ दे. मग वॉचमन सुकीला आत सोडेल. बायजीनं विचारलं, आत्ताच? मी म्हटलं, आत्ताच. कपडे बदलायची खोली मशीनरूमला लागून आहे, तिची वाट मशीनरूमच्या दारावरूनच जाते, आणि मागचं दार मशीनरूमच्या पलीकडे. मला ते माहीत होतं. त्या वेळी त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

मी केबिनमध्ये परत येऊन बसले आणि भोंगा वाजला. अकराला दहा मिनिटं होती.

नविननी घड्याळ बघितलं आणि हसून म्हणाले, अच्छा, सरप्राइज. मनिष सरही हसले, पण मला त्यांचे हात दिसले. भोंग्याचं बटण त्यांच्या टेबलाखाली असतं आणि त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. मग वास आला. ज्यानं एकदा अमोनिया नाकात घेतला आहे त्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही. डोळ्यांत सुई टोचल्यासारखं होतं आणि घसा आपोआप बंद होतो.

बाहेर मात्र सगळे ड्रिल समजूनच निघाले होते. बायका हसत, टोप्या सावरत येत होत्या. अर्ध्या वाटेत पहिलीनं पदर नाकाला लावला आणि मग सगळ्या पळायला लागल्या. मशीनरूममधला एक व्हॉल्व्ह फुटला होता. जीवन, तिथला ऑपरेटर, पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क बांधून उलटा आत गेला होता. कंपनीत अशा दोन टाक्या. दुसरी भरायला वापीला गेलेली. मी माइक हातात घेतला. या क्षणासाठीच तर मी चार वर्षं रेघा मारत आले होते.

मी नावं घ्यायला लागले. एक एक नाव, एक एक हात, एक एक हिरवी खूण. ऑफिस, स्टोअर, सोलाई. धुराची गोष्ट वेगळी, तो दिसतो. हा गॅस दिसत नाही. लोक नुसते इमारतीकडे बघत होते आणि डोळे पुसत होते. धुलाईवर आले. बायजी, हजर. काळी, हजर. बारकी, हजर. सुकी.

करंजाच्या बुंध्याजवळून हात वर झाला. "हजर."

मी खूण केली. मनात म्हटलंही, चला, वेळेवर अदलाबदल झाली. गंगी मागच्या दारानं निघून हायवेपर्यंत पोचलीही असेल. एक घोर मिटला.

मशीनरूममधल्या जीवनचं नाव मी शेवटी ठेवलं होतं; त्यानं बाहेर येऊन हात वर केला आणि यादी संपली. मी खालपासून वरपर्यंत खुणा मोजल्या आणि सांगितलं, "एकशे बारा. पूर्ण."

नविननी हातातलं घड्याळ थांबवलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. जीवन व्हॉल्व्ह बंद करून खोकत बाहेर आला होता आणि मास्क काढून बादलीतल्या पाण्यात तोंड बुडवत होता. आत साचलेला गॅस बाहेर पडून समोरच्या पाड्याकडे जायला नको म्हणून मनिष सरांनी सगळी दारं लावायला सांगितली, आणि दारांवर पाण्याचे फवारे. माणसं कामाला लागली. एक दार बंद झालं, दुसरं बंद झालं. नविन मला म्हणाले, इतकी स्वच्छ हजेरी मी गुजरातेत पण नाही पाहिली. मी हसले. खरंच हसले मी.

हसता हसता माझी नजर सुकीच्या पायांवर गेली.

धुलाईच्या सगळ्या बायकांच्या पायांत गमबूट होते, चिकूच्या पाण्यानं निथळणारे. कोटाच्या कडा ओल्या, टोप्या कपाळावर चिकटलेल्या. सुकी त्यांच्या मधोमध उभी होती. तिच्या पायांत चपला होत्या. लुगडं कोरडं, केसांत झोडणीची बारीक तूस. हातात ते भाकरीचं फडकं अजून तसंच. आणि ती इमारतीकडे बघत नव्हती. ती रांगेतल्या एकेका तोंडाकडे बघत होती, कुणाला तरी शोधत.

बूट गंगीच्या पायांत होते. अदलाबदल झालीच नव्हती.

मी वॉचमनला विचारलं, मागच्या दारानं कुणी बाहेर गेलं का. तो म्हणाला, नाही मॅडम, मागची चावी माझ्याकडे आहे, भोंग्याआधी कुणी मागायला आलं नाही. बायजीला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही सांगितलं म्हणून लगेच धाडलं होतं तिला कपडे बदलायला. मग भोंगा झाला आणि मी माझ्या रांगेला घेऊन निघाले. तुमची हजेरी पूर्ण झाली तेव्हा वाटलं, तुम्हीच तिला बाहेर काढलं असेल.

दोन वाक्यांचं काम होतं. तोंड उघडायचं आणि सांगायचं. पण मी थांबले. समोर नविन होते, त्यांच्या कागदावर सहा मिनिटं चाळीस सेकंद लिहिलेले होते. मनिष सर होते. मला माझी चार वर्षं दिसली, सुकीची नोकरी दिसली, भिंतीवरचा तो सुंदर खोटा तक्ता दिसला. किती वेळ थांबले? दोन श्वास असतील, फार तर तीन. बाहेर मोकळ्या हवेत घेतलेले श्वास. ते माझ्या मानगुटीवरून अजून उतरलेले नाहीत.

मग मी मनिष सरांचा हात धरला आणि म्हटलं, दारं उघडायला सांगा.

नविनना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, "चार्टवर किती?"

"एकशे बारा."

"मोजले किती?"

"एकशे बारा. पण चार्ट चुकलाय, सर. गंगी आत आहे."

"गंगी कोण?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या कागदावर माणसं शोधायची त्या कागदावर ती नव्हती, आणि मीच तिला पुसलं होतं. पण तो प्रश्न सुकीनं ऐकला. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं आणि ती सरळ बंद दाराकडे धावत सुटली. चार बायकांनी तिला धरलं. ती ओरडत नव्हती, नुसती त्यांचे हात सोडवत होती, एक एक बोट.

जीवननं सगळं ऐकलं होतं. त्यानं टाकीवरचा काटा बघितला. काटा लाल पट्ट्याला टेकलेला होता. मी त्याला सांगितलं, कपडे बदलायची खोली, मशीनरूमच्या बाजूची. त्यानं मास्क बांधला, एका बाईचा ओला पदर मागून घेऊन खांद्यावर टाकला आणि आत गेला. त्याच्यामागे दार लोटून घेतलं.

त्यानंतरचा वेळ मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. फवाऱ्यांचा आवाज होता, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज होता, आणि बाहेरची सगळी माणसं एका दाराकडे बघत उभी होती. नविन माझ्याशेजारी होते. त्यांच्या हातातलं घड्याळ पुन्हा सुरू झालं होतं की ते त्यांनी सुरू केलं होतं, मला माहीत नाही. मला ते त्यांच्या हातातून हिसकावून फेकावंसं वाटलं. मी सुकीजवळ गेले नाही. माझी हिंमत झाली नाही. जो काही देव आठवला त्याला म्हटलं, माझा चार्ट जाळ, पण हे दार उघड.

दार उघडलं. जीवन पाठमोरा बाहेर आला, मास्क ओढून काढत, आणि त्यानं बगलेत धरून गंगीला ओढत आणलं होतं. तिच्या अंगावर कोट नव्हता. तो तिनं ओला करून तोंडावर गुंडाळला होता. उजव्या पायात बूट होता आणि डाव्या पायातला काढलेला बूट तिनं छातीशी धरला होता. दोघेही गवतावर पडले. मग गंगी खोकली. इतका घाण, इतका फाटलेला खोकला मी जन्मात ऐकला नव्हता, आणि तो ऐकून मी खाली बसून रडले.

कंपनीच्या जीपमध्ये गंगीला आडवं घातलं. सुकी तिचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या डोळ्यांवर पाणी ओतत होती, मी बाटल्या उघडून देत होते. चारोटीच्या चौकात गाडी अडकली तेव्हा ड्रायव्हरनं हॉर्नवरून हात काढलाच नाही. जीपमध्ये सुकी मला एवढंच म्हणाली, "तुम्ही बोलल्या तसंच मी बोलली." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

कासाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मनिष सरांचा तिसरा फोन आला. ते घाईनं बोलत होते. केसपेपरवर सुकी लिही. कार्ड सुकीचं लागलंय, विमा सुकीचा आहे, चार्टवर सुकी आहे. म्हणजे उपचारालाही अडचण नाही आणि ऑडिटलाही नाही. तीन ठिकाणी एकच नाव राहील. मग म्हणाले, तुझा चार्टही खरा ठरेल, जयश्री.

मी फोन बंद केला. रागानं नाही. मला खरंच क्षणभर तो मार्ग बरा वाटला होता, आणि त्याचीच मला भीती वाटली.

खिडकीवरच्या सिस्टरनी नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत स्ट्रेचरवरून घोगरा आवाज आला.

"सुकी."

डोळ्यांवर ओल्या पट्ट्या, नाकावर ऑक्सिजनची नळी, आणि तरी ती कामावरचंच नाव सांगत होती. कंपनीचं माणूस शेजारी उभं असताना हेच नाव सांगायचं, हे तिला इतकं पक्कं ठाऊक होतं. सिस्टरनी लिहायला पेन टेकवलं.

"नाही," मी म्हटलं. "गंगी. गंगी लिहा."

सिस्टरनी पूर्ण नाव विचारलं. कंपनीतल्या झाडून सगळ्यांची बापाच्या नावासकट नावं मला पाठ होती, कुणाची बदली कधी झाली, कोण कुणाच्या हाताखाली, सगळं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गंगीच्या बापाचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. सुकीनं पुढे होऊन सांगितलं, गंगी चैत्या, आणि पाड्याचं नाव. सिस्टरनी ते लिहून घेतलं. एका कागदावर तरी ती आली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे वाचतील. फुफ्फुसांचं दोन दिवस बघावं लागेल, पण ओला कोट तोंडावर धरला म्हणून निभावलं. सुकी औषधं आणायला गेली आणि मी कॉटच्या बाजूला स्टुलावर बसले. पिशवीत चार्ट होता, चार घड्या घातलेला. उद्या माझी चौकट त्यावर असेल की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि प्रथमच त्याचं फार वाटत नव्हतं.

गंगीनं चाचपडत माझा हात शोधला.

"मॅडम, तुम्ही माइकमधे नाव घेतला ना?"

मी म्हटलं, हो.

"मी हजर बोलली. पहिल्यांदा आवाजच नाय निघाला, घसा जळत होता. मंग परत बोलली, जोरात." ती थांबून थांबून बोलत होती. "तुम्ही पुढचा नाव घेतला. मी म्हटला, चला, ऐकला मॅडमनी. आता कोणतरी येल. म्हणून तिथंच बसून राहिली."

तिनं माझा हात हलवला. तिला उत्तर हवं होतं.

"ऐकला होता ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी तुझं नाव घेतलंच नव्हतं, गंगी."